खलाशांनी तारवातच राहायला हवं

हे पत्र नाशिकरोडहून, जेल रोडवरून आलं आहे. थोडं कमी करून देते, शब्द त्यांचेच आहेत.

«ताई, येशूच्या नावात सलाम. माझे मिस्टर ४६ वर्षांचे आहेत. दीड वर्षापूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं. आता सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस असतं. मी शिवणकाम करते, मुलगा बारावीला आहे. मोठ्या जाऊबाई म्हणतात, घरात काहीतरी लपवलेलं पाप असणार. बाहेरगावचे एक प्रचारक प्रार्थनेला आले होते. ते म्हणाले, मशीनवर विश्वास आहे की देवावर? तीन आठवडे उपास-प्रार्थना करा आणि डायलिसिस सोडा. तेव्हापासून मिस्टर डगमगलेत. मुलगा चर्चला यायचाच बंद झालाय. मी रात्री देवाशी भांडते आणि सकाळी मलाच भीती वाटते. मंडळीत शब्बाथशाळा मी घेते. येत्या रविवारी धडा आहे, येशू वादळ शांत करतो. मुलांना काय सांगू? सगळं देवाच्या हातात आहे, तर हे त्यानंच केलं का?»

ताई, प्रभूमध्ये सलाम.

बाकी सगळं नंतर. आधी एवढं वाचा आणि मिस्टरांनाही वाचून दाखवा: डायलिसिसची एकही पाळी चुकवायची नाही. चांगली किडनी रात्रंदिवस रक्त गाळत असते. यंत्र तेच काम आठवड्यातून तीनदा, चार-चार तासांत उरकतं, म्हणजे मुळातच ओढाताण आहे. पाळी चुकली की रक्तातलं पोटॅशियम वाढायला लागतं, आणि ते वाढल्याचं दर वेळी आधी कळतही नाही, एकदम हृदयाचे ठोके बिघडतात. अंगात साठलेलं पाणी फुप्फुसांत उतरतं, माणसाला आडवं होऊन श्वास घेता येत नाही. तीन आठवडे डायलिसिस बंद ठेवणं म्हणजे काय हे त्या प्रचारकांना ठाऊक नसेल, तर त्यांनी तोंड उघडायला नको होतं. ठाऊक असून बोलले असतील, तर त्यांना पुन्हा उंबऱ्याच्या आत घेऊ नका. उपासही नको. उपास सोडताना पुढे येतात ती केळी आणि खजूर, दोन्ही पोटॅशियमने भरलेली. मिस्टरांना उपास करायची फारच ओढ असेल तर त्यांच्यासाठी तुमच्या जाऊबाईंनी करावा. त्या धडधाकट आहेत.

«मशीनवर विश्वास की देवावर» हा प्रश्न पवित्र शास्त्रातला नाही. प्रेषित पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता आणि पौल त्याला प्रेमाने वैद्यच म्हणतो. तीमथ्याचं पोट वरचेवर बिघडायचं, तेव्हा पौलाने त्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, तुझा विश्वास कमी पडतोय असं नाही लिहिलं. त्रफिम आजारी पडला तेव्हा पौलाने त्याला मिलेताला आजारीच ठेवलं आणि तो पुढे गेला. ज्याच्या हातून रोगी बरे झाले त्या पौलाची ही गोष्ट आहे. या ओळी त्या प्रचारकांच्याही पुस्तकात छापलेल्या आहेत.

पण मला तुम्हाला खरं तर प्रेषितांच्या कृत्यांच्या २७ व्या अध्यायापाशी न्यायचं आहे. तुमच्या सगळ्या प्रश्नांची गाठ मला तिथे सुटताना दिसते.

पौल कैदी आहे, त्याला रोमला नेत आहेत. तारवावर, म्हणजे जहाजावर, एकूण २७६ माणसं. वादळ असं लागलं की बरेच दिवस सूर्य दिसला नाही की तारे दिसले नाहीत, आणि लूक लिहितो की आपण वाचू ही आशाच सुटत चालली. तो स्वतः त्या तारवावर होता, ऐकीव सांगत नाही. अशा वेळी पौलाला देवदूत सांगतो की तारू जाईल, पण माणूस एकही जाणार नाही. पौल हे सगळ्यांना सांगतो. आता पुढचं नीट बघा. चौदाव्या रात्री खलाशी नांगर टाकायच्या मिषाने लहान होडी खाली सोडतात. त्यांना पळून जायचं असतं. तेव्हा हाच पौल शताधिपतीला, म्हणजे शिपायांच्या रोमी अधिकाऱ्याला, म्हणतो, हे लोक तारवात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. मग शिपाई होडीचे दोर कापतात.

देवाने स्वतः हमी दिली होती, तरी त्या हमीत खलाशांचं कसब धरलेलं होतं. पौलाला हे इतकं उघड वाटतं की तो त्याचा खुलासाही करत बसत नाही. उजाडायच्या बेताला तो सगळ्यांना बळेबळे खायला लावतो, कारण पंधरवडाभर कुणाच्या पोटात धड अन्न नाही. भाकर हातात घेतो, देवाचे उपकार मानतो आणि सगळ्यांदेखत मोडून खायला लागतो. भरोसा ठेवणारा माणूस संकटात काय करतो, तर हे. जेवतो, दुसऱ्याला जेवायला लावतो, आणि ज्याला सुकाणू धरता येतं त्याला पळू देत नाही. तुमच्या मिस्टरांच्या हातात सुई घालणारी सिस्टर, यंत्राची नळी तपासणारा तंत्रज्ञ आणि तुम्ही बाटलीवर खूण करून मोजून दिलेलं दिवसाचं पाणी, हे सगळे तारवातले खलाशी आहेत. त्यांना उतरवून देवावर भरोसा दाखवता येत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. पौलाला त्या रात्रीपुरता एक निरोप मिळाला होता. तुमच्या मिस्टरांच्या किडन्यांबद्दल असा निरोप मला मिळालेला नाही, आणि «मला मिळाला आहे» असं छातीठोक सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. तुम्हाला-मला मिळालेलं आश्वासन वेगळं आहे आणि माझ्या लेखी ते त्याहून मोठं आहे: मरण नाही, जीवन नाही, आताचं नाही, पुढचं नाही, कशानेही आपण ख्रिस्तातल्या देवाच्या प्रीतीपासून वेगळे होणार नाही. रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायाचा हा शेवट आहे. बरं होण्यासाठी प्रार्थना कराच, रोज करा. मीही करते आहे. पण तुमचा विश्वास क्रिएटिनीनच्या, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीच्या, आकड्यावर टांगू नका.

आता तुमचा खरा प्रश्न. हे त्यानं केलं का?

तुम्ही नाशिकच्या, म्हणून इथलंच एक सांगते. शरणपूर रोडने आपण शंभरदा जातो. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने तिथे वस्ती वसवली. अरबी समुद्रात इंग्रज आरमाराने गुलामांची जहाजं पकडली की त्यातून सोडवलेली आफ्रिकी मुलं तिथे आणत. गावं जळालेली, आईबाप मेलेले किंवा हरवलेले, अशी ती पोरं. ती इथे लिहायला-वाचायला, सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यातलाच जेकब वेनराईट. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ साली आफ्रिकेच्या आत मरण पावले, तेव्हा त्यांचा देह समुद्रापर्यंत उचलून नेणाऱ्यांत तो होता, आणि १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं त्या वेळी शवपेटीला हात देणाऱ्यांतही होता. या मुलांपैकी एकाला कुणी जवळ घेऊन सांगितलं असतं की तुझं गाव जाळलं ही देवाचीच योजना, नाहीतर तू नाशिकला आला नसतास, तर? मला ते पाप वाटलं असतं. गाव जाळणं दुष्टपणाच होता. त्यांचं पुढचं आयुष्य चांगलं गेलं म्हणून तो दुष्टपणा चांगला ठरत नाही.

योसेफाचंही हेच. भावांनी त्याला विकलं. पुढे कित्येक वर्षांनी तो त्यांना म्हणतो, तुम्ही माझं वाईट योजलं, पण देवाने त्यातून चांगलं योजलं. दोन्ही वाक्यं तो बोलतो, पहिलं गिळून टाकत नाही. आणि हे कोण बोलतंय ते बघा: ज्याने भोगलं तो. विहिरीच्या काठावर उभं राहून भावांनीच त्याला «देवाची योजना आहे रे» म्हटलं असतं, तर कसं वाटलं असतं? ते वाक्य दुःखातून गेलेल्या माणसाने, त्याला जेव्हा दिसेल तेव्हा, बोलायचं असतं. नाही दिसलं तर नाही बोलायचं. तुम्हाला आज दिसत नाही, तर आज ते वाक्य तुमच्यावर बंधनकारक नाही.

आजारात तर दोष द्यायला भाऊही नसतात. पौल म्हणतो सारी सृष्टी कण्हते आहे. किडनी निकामी होणं हे त्या कण्हण्यातलं आहे. देव राज्य करतो यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तुमचं घर त्याच्या हातातून निसटलेलं नाही. पण तो राज्य कसा करतो हे त्याने वधस्तंभावर दाखवलं, आणि तिथे तो लांबून दोऱ्या ओढत नव्हता, खिळ्यांनी ठोकलेला होता. त्याने हा आजार तुमच्या घरी पाठवला असं मी म्हणणार नाही. तो या आजारात तुमच्या घरी आहे असं म्हणेन. यापलीकडे «का» मला माहीत नाही, आणि दोष नसताना सगळं गमावलेल्या ईयोबालाही शेवटपर्यंत कळलं नाही. आपण त्याच्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय वाचतो म्हणून स्वर्गात काय चाललं होतं ते आपल्याला माहीत असतं. ईयोबाला ते कधीच सांगितलं गेलं नाही. देव बोलला, पण कारण दिलं नाही. तरी ईयोब शांत झाला, कारण ज्याला तो हाका मारत होता तो समोर आला.

जाऊबाईंना योहानाचा ९ वा अध्याय दाखवा. जन्मांध माणसाला बघून शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता, पाप कुणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणाला, याचंही नाही आणि त्यांचंही नाही. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली होती, त्यांच्याबद्दलही तो म्हणाला की ती यरुशलेमातल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी नव्हती. याउपर जाऊबाईंना बोलायचं असेल तर त्यांनी प्रभूशी बोलावं. तुम्ही वाद घालत बसू नका, तेवढं बळ तुम्हाला दुसरीकडे लागणार आहे.

रात्रीच्या भांडणाबद्दल. स्तोत्रांत जवळजवळ एक तृतीयांश स्तोत्रं गाऱ्हाण्याची आहेत. तेरावं स्तोत्र सुरूच होतं «कुठवर» असं विचारत. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळही नाही, तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलेलं आहे, कुणी काढून टाकलं नाही. ईयोबाने देवाला काय काय सुनावलं, आणि देवाने शेवटी खडसावलं ते त्याच्या मित्रांना: माझा सेवक ईयोब बोलला तसं तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत. देवाची बाजू घेऊन चोपडं बोलणाऱ्यांवर देव रागावला. खुद्द प्रभूने गेथशेमानेत तीनदा तीच प्रार्थना केली, हा प्याला टळू दे. «तुझ्या इच्छेप्रमाणे होवो» हे त्यानंतर आलं, आणि रडून आलं. तुम्ही रात्री मिस्टरांच्या फिस्टुल्यावर, म्हणजे डायलिसिसच्या सुईसाठी हातात जोडलेल्या रक्तवाहिनीवर, हात ठेवून थरथर लागते का बघत असाल. डायलिसिसवाल्यांच्या घरी बायका बघतात. तो हात तिथे असताना देवाला जे बोलाल ते बोला. ज्याच्याशी भांडता त्याच्याकडे तुमचं तोंड आहे. पाठ नाही.

तुमच्याकडे भेटायला येणारे नारळपाणी आणत असतील. सगळेच आणतात, आजाऱ्याला चांगलं म्हणून. आणि डायलिसिसच्या माणसाला तेच घातक, त्यातही पोटॅशियम ठासून भरलेलं. तुम्ही नम्रपणे बाजूला ठेवता. वचनांचंही तसंच करा. «देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळं मिळून कल्याणासाठी» हे वचन खरं आहे, माझ्याही आवडीचं आहे. पण दारात चपला काढता काढता ते टाकून जाणाऱ्याला, त्याच अध्यायात सहा ओळी वर सृष्टी कण्हते आणि दोन ओळी वर आत्मा आपल्यासाठी शब्दांवाचून कण्हतो, हे वाचायला वेळ नव्हता. यिर्मयाचं «तुमच्या हिताचे संकल्प» हेही मोबाईलवर रोज येत असेल. त्याच्या आधीच्याच ओळीत देव बाबेलातल्या बंदिवानांना सांगतो की ७० वर्षं लागतील. ईयोबाच्या मित्रांनी एकच गोष्ट चांगली केली: सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. मग त्यांनी बोलायला सुरुवात केली आणि सगळं बिघडलं.

रविवारचा धडा घ्या, दुसऱ्या कुणाला देऊ नका. मार्काच्या ४ थ्या अध्यायातून घ्या. शिष्य त्याला उठवून म्हणतात, गुरुजी, आपण बुडतोय, तुम्हाला काळजी नाही का? हे तुमचंच रात्रीचं वाक्य आहे. मार्क सांगतो त्या क्रमाने त्याने आधी वारा थांबवला आणि मग त्यांना विचारलं, का घाबरलात? बुडणाऱ्याला त्याने आधी वाचवलं. मुलांना हा क्रम दाखवा. त्यांना कशाची भीती वाटते ते विचारा, आणि उत्तर द्यायची घाई करू नका. त्या वर्गात कुणाचे वडील दारू पिऊन मारत असतील, कुणाचं घर भाड्याचं सुटत असेल. येशू सगळी वादळं लगेच थांबवतो असं शिकवू नका, मुलांना ते घरी जाऊन तपासता येतं. पुढच्या रविवारी कृत्यांचा २७ वा अध्याय घ्या, वादळ न थांबलेल्या तारवाचा. तारू फुटलं, ज्यांना पोहता येत होतं ते पोहत गेले, बाकीचे फळ्या धरून, आणि सगळे मलिता बेटाच्या किनाऱ्याला लागले. दोन्ही गोष्टी एकाच प्रभूच्या आहेत. मुलांना दोन्ही कळू द्या. रडू आलं तर येऊ द्या. मित्र लाजराच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला, पुढच्या घटकेला त्याला उठवणार हे माहीत असून.

मुलाला चर्चला ओढून नेऊ नका. मला वाटतं त्या प्रचारकांचं बोलणं त्याने ऐकलं, आणि बापाला मरायला सांगणाऱ्या देवाकडे तो पाठ फिरवून बसला. तसा देव असता तर त्याचं बरोबर होतं. त्याला मिस्टरांसमोर सांगा की तो माणूस चुकला, आपण डायलिसिस सोडत नाही. हे त्याला तुमच्या तोंडून ऐकायचं असणार. खूपच आत आत जाऊन बसला, झोप-जेवण तुटलं, तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलतात. तुम्हीही करू शकता.

आणि खर्चाचं तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, त्याअर्थी तो कुणाला न सांगता भरताय. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा. जिल्हा रुग्णालयातही एकदा चौकशी करा. पाळकसाहेबांना भेटाल तेव्हा नुसतं «प्रार्थना करा» म्हणून येऊ नका. सांगा की दर शुक्रवारी मिस्टरांजवळ चार तास बसायला मंडळीतला एक माणूस हवा, म्हणजे मुलाचा क्लास बुडणार नाही. बुधवारी रिक्षाचं भाडं कुणीतरी उचलावं. डबा देणाऱ्या बहिणींना मिठाचं आणि भाज्यांचं आहारतज्ज्ञांनी लिहून दिलेलं पान झेरॉक्स काढून द्या. नावं त्यांनाच लिहायला लावा, तिथेच, तुमच्यासमोर.